सारखा वाटा देणाऱ्या साखरे मॅडम

साखरे मॅडमची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण समितीनं कळवलं आहे, की प्रत्येकानं पहिल्या परिचयापासून सुरुवात करावी. माझ्याकडे दुसरा पहिला परिचय नाही, तेव्हा भांडणच लिहितो.

बीडच्या आमच्या महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात त्याच्या वर्षभर आधी एक ताकदवान संगणकयंत्र आलं होतं. नाव त्याचं सर्व्हर, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला ‘मोठं मशीन’ म्हणत. एका खोलीत ते एकटं बसलेलं असे. उन्हाळ्यात आमचे वर्ग भट्टीसारखे तापत आणि त्याला मात्र एसी. आपापल्या टेबलावरच्या साध्या संगणकावरून त्याला काम लावायचं, आणि आपल्या संगणकाला आठवडा लागला असता ते त्यानं दिवसात करून द्यायचं, अशी सोय. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरण, भूगोल, सगळ्या विभागांचे प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी त्या एकाच यंत्रावर. मी भूगोलाचा माणूस. बिंदुसरा नदीच्या खोऱ्याची उपग्रहचित्रं त्यात घातली, काम लावलं आणि निवांत घरी गेलो. पुढच्या खेपेला येऊन बघतो, तर काम अर्ध्यावर थांबलेलं आणि पडद्यावर चक्क मराठीत ओळ: ‘आपला या महिन्याचा वाटा संपला आहे. इतरांची कामे चालू आहेत.’

मला राग लवकर येतो, हे माझ्या सहकाऱ्यांना नव्यानं सांगायला नको. वाटा म्हणजे काय? मी काय भावकीत वाटणी मागायला आलो होतो? तरातरा जिना उतरून संगणक केंद्रात गेलो. नव्यानं प्रमुख झालेल्या साखरे मॅडम तिथं डबा खात बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुरू झालो: माझी नोकरी किती जुनी, माझं संशोधन कुठं कुठं छापून आलं, महिन्याचा वाटा असा बघता बघता संपतोच कसा. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवून ते माझ्याकडे सरकवलं आणि पडदा माझ्या बाजूला फिरवला. वाटा संपल्यामुळे कुणाकुणाचं काम थांबलंय ते त्यावर दिसत होतं. सर्वांत वर त्यांचं स्वतःचं नाव होतं. माझा परवाच संपला सर, मीपण पहिल्या तारखेची वाट बघतेय, असं त्या म्हणाल्या. ज्यांनी स्वतःलाच थांबवून ठेवलंय, त्यांच्याशी भांडायचं तरी काय? मी भाकरी खाल्ली, पाणी प्यालो आणि मुकाट्यानं वर आलो. तेव्हापासून आमचा स्नेह आहे.

मॅडम येण्याआधी त्या यंत्राची काय दशा होती, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. ज्यानं आधी गाठलं त्याचं मशीन. एखादे ज्येष्ठ प्राध्यापक सोमवारी भलंमोठं काम लावून गावाकडं लग्नाला निघून जात आणि ते परत येईपर्यंत इतरांचं पान हलत नसे. साठवणीच्या जागेची तर कथाच निराळी. एका गृहस्थांनी संशोधनाच्या नावाखाली मुलीच्या लग्नाचं अख्खं चित्रीकरण त्यात ठेवलं होतं, हळदीसकट. केज-गेवराईकडून एसटीनं येणारे विद्यार्थी दिवसभर बाहेरच्या बाकावर बसत आणि तसेच परत जात. मॅडमनी सूत्रं हाती घेतली आणि नियम केला: यंत्राचा वेळ आणि साठवणीची जागा, दोन्हींत सर्वांना सारखा वाटा. प्राध्यापकांना जेवढा, तेवढाच पहिल्या वर्षाच्या संशोधक विद्यार्थ्याला. वाटा संपला की काम थांबणार आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होणार. यावर स्टाफरूममध्ये मोठा गदारोळ झाला. मॅडमच्या डब्यातली ती भाकरी खाईपर्यंत त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं लोक सांगतात. असेलही.

जादा वाटा मागायला येणाऱ्याला मॅडमनी कधी नुसतं हाकलून लावलं नाही. त्या खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसत आणि काम हलकं करता येतं का ते बघत. माझ्याच कामाचं सांगतो. माझ्या उपग्रहचित्रांत त्यांनी थोडा वेळ डोकं घातलं आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्हाला बिंदुसरा पाहिजे ना? मग अख्खा मराठवाडा कशाला दळताय?’ खरंच, मला हव्या असलेल्या खोऱ्याबरोबर मी पार परभणीपर्यंतचा मुलूख यंत्रात घातला होता. नको ते कापून टाकल्यावर तेच काम माझ्या वाट्यात आरामात बसलं. हे त्यांनी कुणापुढे सांगितलं नाही. सांगितलं ते मीच, आणि भूगोलाच्या माणसाला नकाशा कापता येत नाही म्हणून लोक मला पुढं कितीतरी दिवस हसत राहिले.

हा सारख्या वाट्याचा नियम कोणत्या पुस्तकात सापडला, असं मी त्यांना एकदा खवचटपणे विचारलं. पुस्तकात नाही, पालीत सापडला, असं उत्तर आलं. बिंदुसरेच्या धरणाजवळचं पाली हे गाव मॅडमचं माहेर. त्यांचे वडील आणि चुलते यांची तिथं एक सामायिक विहीर होती. तिचं पाणी मोजकंच, म्हणून मोटार चालवायची प्रत्येकाची बारी ठरलेली असे. ज्याची बारी त्यानंच बटण दाबायचं, मग तो थोरला असो की धाकटा. मात्र त्या विहिरीवर आणखी एक रीत होती. एखाद्या भावाचं पीक ऐन भरात सुकायला लागलं, की दुसरा आपली बारी त्याला सोडून देई. ती मागावी लागत नसे. बांधावरून दिसतच असे, कुणाच्या रानात काय चाललंय ते. ज्या दिवशी चुलत्यांनी बारी सोडली, त्या दिवशी वडील तोंडानं काही बोलत नसत, पण दोघं भाऊ एका ताटात जेवायला बसत. हे सांगताना मॅडमचा चेहरा वेगळाच झाला होता.

तीच रीत त्यांनी मोठ्या मशीनवर आणली. ज्याला गरज नाही त्यानं आपला वाटा दुसऱ्याला द्यावा. फक्त देणाऱ्यानं तो स्वतः, आपल्या पासवर्डनं द्यायचा आणि एकदा दिलेला परत मागायचा नाही. नियम कडक असला तरी माणुसकीला त्यात जागा राहावी, हा त्यांचा हेतू. ही सोय झाल्यावर स्टाफरूममधली धुसफूस पुष्कळ कमी झाली. लोक एकमेकांना वाटा देऊ लागले, चहाच्या वेळी त्याची थट्टामस्करी चालायची. मीही जिथं जाईन तिथं त्या सोयीचं कौतुक करत असे.

त्या सोयीचा मोठा लाभ मलाच झाला. माझ्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं. दवाखाना आणि घर यांतच माझे दिवस जात होते. एका कामाची मुदत तोंडावर आली आणि घाईघाईत चुकीचं काम लावून मी माझा वाटा संपवून बसलो. मी कुणाजवळ बोललो नव्हतो. मॅडम मुगाची खिचडी घेऊन पत्नीला भेटायला दवाखान्यात आल्या, तिच्या उशाशी बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि निघताना मला म्हणाल्या, उद्या एकदा मशीन बघून घ्या. दुसऱ्या दिवशी बघतो, तर त्यांनी आपला सगळा वाटा माझ्या नावे करून टाकलेला. माझं काम वेळेत झालं. पत्नी आज ठणठणीत आहे आणि खिचडी केली की अजून मॅडमचं नाव काढते. त्याच महिन्यात त्या वाट्याची दुसऱ्या कुणाला माझ्यापेक्षा जास्त गरज पडणार आहे, हे तेव्हा ना मला ठाऊक होतं, ना त्यांना.

इथून पुढचं लिहिताना माझा हात अडतो. गौरवलेखात असलं लिहू नये, असं समितीतल्या एका स्नेह्यांनी मला बजावलंही. त्यांचं ऐकलं असतं तर हा लेख इथंच शुभेच्छा देऊन संपला असता आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण ही गोष्ट वगळून साखरे मॅडमचा गौरव केला, तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी होईल.

वैशाली ही युसूफ वडगावची, शेतकरी घरातली मुलगी. आमच्याकडे पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत होती. केज तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी हा तिचा विषय. गावोगाव हिंडून, कुणाच्या बांधावरची बोलणी खाऊन, कुणाच्या घरचा चहा पिऊन तिनं विहिरी मोजल्या होत्या. बोलण्यात गावाकडचा ठसका, हसणं मोकळं. मॅडमची ती फार लाडकी होती. स्वतःचं माहेर विहिरीच्या बारीवर वाढलेलं, त्यामुळे तिचं काम मॅडमना आपलंच वाटायचं. आता तिचं एकच मोठं गणित मशीनवर व्हायचं राहिलं होतं. ते झालं की प्रबंध विद्यापीठात सादर करायचा. त्यासाठी वाढवून मिळालेली मुदतही त्या महिन्याअखेर संपत होती. ती हुकली असती तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची मेहनत मातीत. मुदतीचं हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

तिचे मार्गदर्शक आमच्याच महाविद्यालयातले, वजनदार गृहस्थ. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. मॅडमनीही ते कधी घेतलं नाही. ते कुणाला हुकूम करत नसत. आपल्याकडे मोठ्या माणसाला हुकूम करायची गरज तरी कुठं पडते? बघ गं, तुला अडचण नसेल तर, एवढंच ते म्हणत. घरी आलेल्या पाहुण्याला उठा म्हणता येत नाही अशा मुलखातली आपली पोरं. गुरूला अडचण आहे कशी म्हणणार? त्यांच्या हाताखालचे सगळे विद्यार्थी महिना सुरू झाला की आपापला वाटा सरांच्या नावे करून टाकत आणि सरांच्या मर्जीनं जो थोडाफार वेळ मिळेल त्यात आपलं काम भागवत. यंत्रात मात्र दर वेळी एकच नोंद होत होती: वाटा स्वखुशीने दिला. मॅडम ती नोंद वाचत आणि मुलं किती समजूतदार आहेत म्हणून खूश होत. त्या महिन्यात सरांना एका परिषदेसाठी निबंध करायचा होता. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, वैशालीनं नेहमीसारखा वाटा दिला. महिनाअखेरीस आपल्या गणितापुरता वेळ सर सोडतील, अशा भरवशावर ती राहिली. सरांनी तो सोडला नाही. कदाचित ते विसरले असतील. विसरणं त्यांना परवडण्यासारखं होतं.

ती मॅडमकडे आली तेव्हा मी तिथंच चहा पीत बसलो होतो. थोडा वेळ मशीन मिळेल का, असं तिनं विचारलं. मॅडमनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, अगं, तुझा वाटा तर तूच देऊन टाकलायस. हो मॅडम, मीच दिला, असं ती म्हणाली. गुरूचं नाव घेऊन तक्रार करणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि आमच्या महाविद्यालयाच्या रीतीतही नव्हतं. मॅडमचा स्वतःचा वाटा शिल्लक असता, तर त्यांनी तो तिथल्या तिथं तिला दिला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तो त्यांनी मला दिला होता आणि मी तो वापरून संपवला होता.

केंद्राच्या प्रमुख म्हणून मॅडमच्या हातात एक कळ होती. ती दाबली की कुणालाही हवा तेवढा वेळ देता आला असता. पण आदल्याच आठवड्यात संस्थेच्या सचिवांचा पुतण्या जादा वेळ मागायला आला होता. त्याच्या मागोमाग सचिवांचा फोनही आला होता. मशीन संस्थेचं आहे साहेब, पण वाटा ज्याचा त्याचा आहे, असं सांगून मॅडमनी दोघांनाही नकार दिला होता. स्टाफरूममध्ये तीन दिवस त्याचीच चर्चा. आता लाडक्या विद्यार्थिनीसाठी कळ दाबली, तर त्या पुतण्याला कोणत्या तोंडानं नाही म्हटलं असं लोक विचारतील, हे त्यांच्या मनात आलं असणार. पहिल्या तारखेला ये, सर्वांत आधी तुझं काम लावते, असं त्यांनी तिला सांगितलं. वैशाली बरं म्हणाली. दारापाशी जरा घुटमळली आणि गेली. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, मॅडम, तुम्ही सचिवांनाही सोडत नाही आणि लाडक्यांनाही सोडत नाही, धन्य आहे तुमची. मी मनापासून कौतुक केलं होतं. ते कौतुक आता आठवलं की अन्न गोड लागत नाही.

पहिल्या तारखेला वैशाली आली नाही. तिचा वाटा तसाच पडून राहिला. पुढच्या महिन्यातही तसाच. न वापरलेला वाटा मॅडमच्या नजरेतून सुटत नसे. त्या चौकशी करू लागल्या. विद्यार्थी एकमेकांकडे बघत आणि विषय बदलत. शेवटी तिच्याबरोबरच्या एका मुलीला राहवलं नाही आणि तिनं मुदतीपासून सरांपर्यंत सगळं सांगून टाकलं. वैशालीची नोंदणी रद्द झाली होती आणि ती गावी निघून गेली होती. मॅडम तडक त्या मार्गदर्शकांकडे गेल्या. ते शांतपणे म्हणाले, की मी कुणाचा वाटा घेतला नाही, तिनं दिला, तुमच्याच मशीनमध्ये बघा. मशीनमध्ये तसंच होतं. मग मॅडम विद्यापीठात गेल्या, पुन्हा गेल्या, टेबलाटेबलांपुढं उभ्या राहिल्या. वैशालीला थोडी मुदत द्या म्हणून त्यांनी विनवण्या केल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना अतिशय आदरानं सांगितलं, की मॅडम, नियम सगळ्यांना सारखा आहे, एकीसाठी तो मोडता येत नाही. परत आल्या तेव्हा मी त्यांना धीर द्यायला गेलो होतो. त्यांचा चेहरा बघून तसाच परत फिरलो.

त्यानंतर मॅडमनी वाटा दुसऱ्याला देण्याची सोय बंद करून टाकली. पालीच्या विहिरीवरून आणलेली, त्यांच्या इतक्या मनासारखी ती रीत त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली. काही जण भांडायला आले. एक-दोघांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. मॅडम बधल्या नाहीत. त्याऐवजी यंत्राचा थोडा वेळ त्यांनी सामायिक म्हणून बाजूला काढला. ज्याची मुदत टळत असेल त्यानं यावं, समोर बसावं, काय अडलंय ते बोलावं आणि त्यातून घ्यावा. कुणी आलं की त्या आधी खोलीचं दार लावून घेत, मग विचारत. कितीतरी मुलामुलींचे प्रबंध त्या वेळेतून पार पडले. आज त्यांतले काही जण प्राध्यापक आहेत आणि या ग्रंथात त्यांनी मॅडमविषयी भरभरून लिहिलंय. आपल्याला मिळालेली ती सोय कुणामुळे निर्माण झाली, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही.

मॅडमना युसूफ वडगावला जायचं होतं. एकटीनं जायचा धीर होत नव्हता, म्हणून मला म्हणाल्या, सर, गाडी काढता का? आम्ही गेलो. बाजाराच्या रस्त्यावर एका गाळ्यात वैशालीनं मुलींसाठी संगणकाचा वर्ग काढला होता. आम्हाला बघून ती गडबडीनं उठली, मुलींना सुट्टी दिली आणि शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. माझं चुकलं वैशाली, असं त्या सरळ म्हणाल्या. पुन्हा नोंदणी कर, मार्गदर्शक मी बघते, पाहिजे ती मदत करते, असंही म्हणाल्या. वैशालीनं ऐकून घेतलं. मग चहाचे कप एकात एक घालत ती म्हणाली:

‘मॅडम, तुमी अन्याय केला असता तर मी भांडले असते. पार वरपर्यंत गेले असते. पण तुमी नियमानं वागल्या आन् वाटा तर मीच दिलता. मग मी भांडायचं कुणाशी? तुमी एकदा फक्त इचारायचं होतं, कावून दिला, कशापायी दिला म्हणून.’

पुन्हा नोंदणीचं ती नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. आता ह्या पोरी हायेत, एवढंच म्हणाली. आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली, मॅडमच्या पाया पडली. परतीच्या वाटेवर मी त्या मार्गदर्शकांना यथेच्छ शिव्या घातल्या. मॅडमचा यात काडीचा दोष नाही, हे नाना परींनी समजावलं. केज मागं पडेपर्यंत त्यांनी माझं ऐकलं. मग म्हणाल्या, ‘विहिरीवर सगळ्यांची रानं दिसायची हो, सर. इथं मला नुसते तास दिसत होते.’

मॅडम आता साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्तही होत आहेत. सारख्या वाट्याचा त्यांचा नियम आजही मोठ्या मशीनवर चालू आहे. दुसरी महाविद्यालयं तो बघायला येतात, भाषणांत त्याचा उल्लेख होतो. सत्कार स्वीकारा म्हणून समिती गेली, तेव्हा त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. वैशालीचा प्रबंध अजून झालेला नाही. तिनं मोजलेल्या विहिरी एव्हाना कुठल्या कुठं बदलल्या असतील, काही बुजल्याही असतील. मॅडमच्या सगळ्या कर्तृत्वाशेजारी ही एक गोष्ट आहे आणि ती कितीही केलं तरी नीट होत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांना किती वाटत असेल, याचा अंदाज मला आहे, कारण निवृत्तीच्या गप्पा निघाल्या की त्या हमखास वडगावचा विषय काढतात.

लेख लिहून झाल्यावर मी तो मॅडमना वाचून दाखवला. गौरवलेख ज्यांच्यावर आहे त्यांना आधी दाखवायची पद्धत नाही, हे मला कळतं. पण वैशालीचं लिहिलेलं त्यांच्या नकळत छापणं मला बरं वाटेना. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. स्वतःच्या कौतुकाच्या जागी खिडकीबाहेर बघत राहिल्या. वाचन संपल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, की तिला विचारलंत का, सर? मी विचारलं नव्हतं. इतकं सगळं पाहून, इतकं सगळं लिहूनही विचारलं नव्हतं.

मी वैशालीला फोन केला आणि तिच्याविषयीचा सगळा मजकूर वाचून दाखवला. तिनं विहिरींच्या बाबतीत एक दुरुस्ती सुचवली, ती मी केली आहे. मग तुझ्या नावानिशी हे छापू का, असं मी विचारलं.

‘छापा, सर,’ ती म्हणाली. ‘पण वैशालीनं मॅडमला माफ केलं, असं शेवटाला कुठं लिहू नका. मी अजून केलेलं न्हाई.’

फोन ठेवते की काय, असं वाटलं. पण ती पुढं म्हणाली, ‘करणारच न्हाई, असं न्हाई. लई येळ लागंल मला. तवर मॅडम धडधाकट पाहिजेत. तेवढं लिहा तुमी.’

तेवढं लिहितो. साखरे मॅडमना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि वैशालीला जितका वेळ लागेल, तितका सगळा मिळो.